देवळीत कोणीही उतरायचं नाही

देवळी जवळ आली तशी शकुबाईंनी पिशवीतून बटवा काढला. गावात शिरताना सोन्याची एकदाणी गळ्यात असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. बटवा रिकामा निघाला.

"गाडी थांबवा," त्या म्हणाल्या. "माही एकदाणी गेली."

सहल काढणाऱ्या अण्णाजींनी बस वेशीवरच उभी करवली, दार बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"वस्तू सापडेपर्यंत कोणी उतराचं नाई."

ड्रायव्हर हिरालालने इंजिन बंद केलं आणि एसीने मान टाकली. या बसच्या काचा उघडत नव्हत्या. अलिबाग पाहून रात्रभर अंग आखडून आलेली माणसं घामाने निथळत उभी राहिली. घ्यायला आलेले नातेवाईक बाहेरून काचेवर थापा मारत होते. घर समोर दिसत होतं आणि जाता येत नव्हतं. शकुबाईंचा भाचा अंकुश तेवढा आपल्या सीटवर आरामात बसून होता.

"बॅगा पाहा," तो म्हणाला. "माह्यापासून सुरू करा."

सगळ्यांच्या बॅगा पाहून झाल्या. शंख-शिंपल्यांशिवाय काही निघालं नाही. मग एकेक नजर मागच्या सीटजवळ उभ्या मोनालीकडे वळली.

त्याला कारण होतं. काल सकाळी गाइड सगळ्यांना समुद्रातल्या किल्ल्यावर पायीच घेऊन गेला, तेव्हा शकुबाईंनी एकदाणी बटव्यात ठेवून पिशवी बसमध्येच सोडली. मोनालीला प्रवासाने मळमळत होतं, ती अर्ध्या वाटेवरून परतली आणि बसमध्ये झोपली. बाकीचे किल्ला पाहून थेट जेवायला गेले. जेवणानंतर पिशवी शकुबाईंनी मांडीवरून हलू दिली नव्हती.

"बसमध्ये एकटी तूच होती," शकुबाई म्हणाल्या. "देऊन टाक. नाईतर अण्णाजी फोन लावते."

अण्णाजींनी पोलीस ठाण्याचा नंबर काढूनच ठेवला होता.

"मी घेतली नाई, मावशी." मोनाली पुढे सरकली. "माही पोलीस भरतीत निवड झाली आहे. चारित्र्य पडताळणी बाकी आहे. केस झाली त सगळंच गेलं."

"मंग चोरी काऊन केली?" कोणीतरी मागून म्हणालं. घामाने चिडलेल्या माणसांना चोर सापडला की बरं वाटतं.

माधवीताई इतका वेळ वहीने वारा घेत सगळं ऐकत होत्या. त्या देवळीच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या. लोकांची पत्रं त्यांनी कधी फोडली नाहीत, पण आत काय असेल याचा अंदाज बांधल्याशिवाय एकही पुढे जाऊ दिलं नाही.

"मोनाली, बसचं दार आतून लावलं होतं तू?"

"नाई, काकू. हवा यावी म्हणून उघडंच ठेवलं. डोळा लागला होता."

"म्हणजे कोणीही येऊन गेलं असतं. हिरालाल, तू कुठं होता?"

"मोनालीले दार उघडून देल्लं अन् चहाले गेलो, मंग तुमच्यासंग जेवाले. आल्याबरोबर गाडी मागं घ्या लागली. पाणी पार चाकाजवळ आलतं."

"जेवायला उशिरा कोण आलं?"

"मी," अंकुश हसला. "सांगतो ना, लपवाचं काय त्यात? मी किल्ल्यातच होतो. तोफा पाह्यल्या. विहिरीचं पाणी पेलो, समुद्राच्या मधात असून गोड आहे. तुमचं जेवण आटपत आलं तेव्हा निघालो."

"घोडागाडीनं आला?"

"पायी आलो."

"पाय किती भिजले?"

"भिजाले काय झालं? सकाळी गेलो तोच रस्ता. हे बूट पाहा, जसेच्या तसे पांढरे आहेत."

माधवीताईंनी बूट नीट पाहिले. मग त्याच्या समोरच्या सीटच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

"काल गाइड आपल्याला सारखा हाकलत होता, आठवतं? पाणी भरायच्या आत परत फिरा म्हणे. आपण म्हटलं, याला दुसरं गिऱ्हाईक गाठायचं असेल. आपल्या धाम नदीचं पाणी एका दिवसात असं येत-जात नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पण जेवून आलो तेव्हा समुद्र हिरालालच्या चाकापर्यंत आला होता. सकाळी आपण ज्या रेतीवरून चाललो, तिथं नावा तरंगत होत्या. फोटो सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये आहेत."

दोघातिघांनी मोबाईल काढून फोटो पाहिले.

"त्या वेळी किल्ल्यातून निघालेला माणूस नावेनं येईल, नाहीतर गळाभर पाण्यातून. कोरडे बूट घालून पायी येणार नाही. अंकुश, तू पाणी भरायच्या कितीतरी आधी, रस्ता कोरडा होता तेव्हाच परत आला होता. पोरगी झोपलेली पाहिली, हात मारला, बाजारात वेळ काढला आणि मग जेवायला आला. परतीचा रस्ता बुडाला, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही."

"मंग एकदाणी कुठं आहे?" तो गुरगुरला. "बॅग तर पाह्यली."

"बॅग तूच दाखवली, म्हणजे तिथं नाही. एवढ्या उकाड्यात सगळे उभे आहेत. तू एकटाच सीट सोडत नाहीस. ऊठ जरा."

तो उठला नाही. हिरालालने त्याला दंडाला धरून उठवलं आणि सीटच्या फाटक्या कव्हरात हात घातला. एकदाणी बाहेर आली.

"आजीची वस्तू आहे ते," अंकुश खाली पाहत म्हणाला. "माह्या बायकोले देतो म्हणे आजी. आत्यानं दाबून ठेवली."

शकुबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी एकदाणी बटव्यात घातली आणि हळूच म्हणाल्या, "घरातलंच पोरगं आहे. मिटलं समजा. अण्णाजी, दार खोला."

अण्णाजींनी फोन खिशात ठेवला आणि किल्ली काढली. माणसं सामान उचलू लागली. तोवर मोनाली दाराला पाठ लावून उभी राहिली होती.

"मावशी, मघाशी माह्यासाठी पोलिसाले फोन लावून राह्यले होते. आता लावा."

"अवो पोरी, तुह्यं नाव तर साफ झालं ना."

"बसमध्ये झालं. बाहेरचे लोक मघापासून काचेतून माह्याकडंच पाहून राह्यले. आज इथून अशीच उतरली त उद्या गावात म्हणतीन, मोनालीनं चोरली होती, लोकायनं मिटवून घेतलं. मंग मी कोणाकोणाले सांगत फिरू?"

शकुबाई अण्णाजींकडे पाहत राहिल्या आणि अण्णाजी किल्लीकडे.

"पोरगी बरोबर बोलते," माधवीताई म्हणाल्या आणि स्वतःच्या मोबाईलवरून ठाण्याला फोन लावला.

मग त्या मोनालीशेजारी पायरीवर बसल्या. पोलीस येईपर्यंत बसमधून कोणी उतरलं नाही.