थोरल्याचा नंबर

वायफाय गेलं म्हणून एवढं तोंड पाडून बसायला काय झालं रे? लाईट आली की येईल तेही. तोवर इकडे सरका, जवळ बसा. आणि ते मोबाईलचे दिवे बंद करा बघू, डोळ्यांवर येतात. मामा थापा मारतो असं तुमची आई म्हणते, ते निम्मं खरं आहे. पण ही थाप नाही. ज्याच्यावर हा प्रसंग आला तो माझा जुना मित्र, अजून धडधाकट आहे. विचारून या हवं तर.

त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. सगळे त्याला स्क्रू म्हणतात. डोक्यातला ढिला म्हणून नव्हे हं; काम करताना एखादा स्क्रू ओठांत धरून ठेवायची त्याला खोड आहे, म्हणून.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. दिवेलागण होऊन गेली होती. स्क्रू शटर ओढायच्या बेतात होता, तेवढ्यात ड्रायव्हरकाकांचा फोन आला. काकांनी आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. म्हणाले, "अरे, धाकटीच्या नव्या लॅपटॉपला नेट धरत नाहीये. नऊ वाजता तिचा इंटरव्ह्यू आहे, परदेशातली कंपनी. जरा येऊन जातोस का?"

स्क्रूला नाही म्हणवेना. त्या घराची दशा त्याला ठाऊक होती. काकांचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. घरून ऑफिसचं काम करायचा. एका रात्री नेट सारखं तुटायला लागलं आणि फाईल तर तातडीने पाठवायची, म्हणून लॅपटॉपची बॅग पाठीला लावून मोटरसायकलवरून ऑफिसला निघाला. पुलावर गाडी घसरली ती थेट नदीत. पोरगा सापडला, गाडी सापडली, बॅग मात्र काही सापडली नाही. पुढे काकांनी लाईन चांगली घेतली, पण राउटर तोच ठेवला. पासवर्डही तोच. थोरल्याने ठेवलेला पासवर्ड काकू कोणाला बदलूच देत नव्हत्या.

स्क्रू पोचला तेव्हा धाकटी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसली होती. चेहरा रडवेला.

"स्क्रूकाका, दिवसभर छान चालतं हो. अंधार पडला की जातं. आणल्यापासून रोज हेच. आजचा इंटरव्ह्यू बुडाला तर पुन्हा बोलावणार नाहीत ते."

"बुडत नाही. ऊठ, मला बसू दे."

दोन वर्षांत त्या घरात कोणी उद्याचं काही बोललंच नव्हतं. पहिल्यांदा बोलत होते ते या नोकरीमुळे. काकू तर स्वयंपाकघराच्या दारात हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या. हे सगळं पाहून स्क्रूला भारी वाईट वाटलं, आणि तो नेटाने कामाला लागला.

लॅपटॉपवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण. जोडलंय म्हणतो, पण एक पान उघडेल तर शपथ. स्क्रूने राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपला नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं. क्षणभर चाललं, पुन्हा गेलं. काकांचा मोबाईल मात्र त्याच नेटवर सुरळीत.

"व्हायरस असेल का रे?" काकांनी हळूच विचारलं.

"काका, तुमच्या काळात सगळ्याला गॅस झाला म्हणायचे, आता व्हायरस. बसा तुम्ही."

आता इथे नीट ऐका. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक नंबर देतो. एकाच नंबरवर दोन यंत्रं आली की त्यांचं भांडण. एक टिकतं, दुसरं बाहेर फेकलं जातं. राउटर नंबर आपोआप देतो, पण स्क्रूचा कशावर विश्वास असेल तर ना! तो प्रत्येक घरात आपल्या हाताने नंबर लावतो. या घरात काकांचा मोबाईल एकवीस, काकूंचा बावीस, थोरल्याचा लॅपटॉप तेवीस. धाकटीचा लॅपटॉप आला तेव्हा तेवीस रिकामा होता. स्क्रूने तोच तिला दिला. भावाची जागा बहिणीला, त्यात काय वावगं?

पडद्यावर सूचना आली. याच नंबरचं दुसरं यंत्र चालू आहे.

स्क्रू हसला. म्हणजे कोणीतरी शेजारी फुकटात नेट ओढतोय! त्याने काकांचा मोबाईल घेतला आणि राउटरचं पान उघडलं. तेवीस नंबरवर कोण बसलंय ते पाहिलं.

तिथे यंत्राचं नाव होतं, 'थोरला'.

ते नाव स्क्रूनेच टाकून दिलेलं होतं. ज्याची बॅग नदीत गेली, त्या लॅपटॉपला. त्याच्या ओठांतला स्क्रू खाली पडला.

सिग्नल पाहिला. पूर्ण. म्हणजे यंत्र लांब नव्हतं. दाराच्या आत नाही तर... दाराशी.

धाकटीचा नंबर बदलला असता तरी भागलं असतं. पण घाबरलेला माणूस आधी कडी लावतो. स्क्रूने कोणाला न विचारता पासवर्ड बदलला. आठ आकडे, मनात आले ते. धाकटीच्या कानावर घातले, तिने टाकले.

"लागलं! स्क्रूकाका, लागलं!"

ती लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत पळाली. दार लावलं. थोड्या वेळाने तिचं इंग्रजी ऐकू यायला लागलं, आधी अडखळत, मग बरं.

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. "काय झालं होतं हो?"

"काही नाही काकू. पासवर्ड बदलला." आणि नवे आकडे त्यांनाही एका दमात सांगून टाकले.

काकूंचा हात तसाच राहिला. "बदलला? ... मग त्याला कसा कळणार?"

स्क्रूने त्यांच्या हातातला पेला घेतला.

आणि पुढचं दार वाजलं.

जोरात नाही. एका बोटाने. टक... टक.

काकांनी स्क्रूकडे पाहिलं. स्क्रूने खाली पाहिलं.

टक... टक.

फटीतून वास आला. पाण्याचा. गाळाचा.

"असाच वाजवायचा..." काकू म्हणाल्या. त्या दाराकडे निघाल्या. काका धावले. कडीवर हात ठेवून उभे राहिले. काकूंनी कडीला हात लावलाच नाही. नुसता गाल टेकवला दाराला.

"बाळा... रागावू नको हं. नवा आहे. लिहून घे."

टकटक थांबली.

"चार... सात..."

बाहेर काहीतरी घासल्यासारखं झालं. दारावरच.

"सात... दोन..."

आत धाकटी कसल्याशा उत्तरावर हसली. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

"नऊ... एक..."

काकांनी काकूंच्या तोंडावर हात दाबला.

"नको गं. नको... ती आत आहे. तिला तरी राहू दे."

काकू धडपडल्या नाहीत. त्यांचे डोळे काकांच्या बोटांवरून वाहत राहिले. काकाही रडत होते, पण हात काढत नव्हते. आपल्याच पोराला दाराबाहेर ठेवत होते बिचारे.

बाहेर शांत. दूर जाणारी पावलं वाजली नाहीत. काहीच वाजलं नाही.

किती वेळ गेला, स्क्रूला आजही सांगता येत नाही. आतलं दार उघडलं.

"बाबा! मिळाली! लगेच सांगितलं त्यांनी! ... आई? रडतेस काय गं?"

"आनंदाने," काकू म्हणाल्या.

स्क्रू मागच्या दाराने घरी गेला. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली, म्हणून सकाळी परत आला. काका पुढच्या दाराबाहेर उभे होते. हातात ओलं फडकं. पण पुसत नव्हते. नुसते बघत होते.

दाराच्या बाहेरच्या अंगाला, उभ्या माणसाचा हात पोचेल तिथे, राखाडी गाळाने बोटभर जाड आकडे काढलेले होते.

४ ७ ७ २ ९ १

पुढे दोन आकडे मावतील एवढी जागा सोडलेली. आणि त्या जागेच्या सुरुवातीला, कोणी बोट टेकवून थांबावं तसा एक ठिपका. बाकीचं सगळं वाळलं होतं. ठिपका ओला होता.