आलं का?

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत हल्ली कुणाचंही काही दुखत नसे.

भारती गायधनीचंही दुखत नव्हतं. मोडलेल्या मनगटाने ती कारखान्यात खोकी उचलत होती. मनगट सुजून बांगडी रुतली, साबण लावूनही निघेना, तेव्हा कुठे ती रेवती केळुसकरांच्या दवाखान्यात आली. एक्स-रेमध्ये हाड दुभंगलेलं स्पष्ट दिसत होतं. रेवतीबाईंनी तिच्या कोपराजवळ सुई टोचली.

"आलं का?"

"काय यायचंय?"

"जडपणा. आतून ओढल्यासारखं."

"सुई टोचलीत तरी का, बाई? कळलंच नाही."

रेवतीबाई मिरजेला फिजिओथेरपी शिकल्या आणि मग चिनी वैद्यक शिकायला चेंगदूला गेल्या. तिथल्या लिनबाईंनी त्यांना थांबायला शिकवलं. जीभ पाहायची, नाडीवर तीन बोटं ठेवायची, सुई टोचायची आणि रोगी 'आलं' म्हणेपर्यंत दुसरी सुई उचलायची नाही. चिनी वैद्य त्याला 'ची येणं' म्हणतात. रेवतीबाईंच्या लेखी ती शरीराने दिलेली ओ होती. दुखणं हाकलण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायचं आणि रोग्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

भारतीच्या कानात मोहरीएवढा चकचकीत ठिपका होता. कानखिळा. कानातल्या एका नसेचं टोक थेट मेंदूच्या बुडाशी पोचतं. खिळा त्या नसेला सतत डिवचतो आणि मेंदू वेदनेला दार लावून घेतो. कामावर घेतानाच कंपनी तो बसवून देई. तो नेमका कुठे बसवायचा, हे खिळा बनवणारा उदयन भागवत याच टेबलापाशी शिकला होता.

रेवतीबाईंनी त्याला स्पीकरवर फोन लावला.

"तुझ्या खिळ्यापायी ही मोडक्या हाताने राबतेय."

"मॅडम, वेदना थांबवणं हेच तर आपलं काम."

"आपलं म्हणू नकोस. सुई तेवढी शिकलास, विचारायला शिकला नाहीस."

संतापाने त्यांचे कान तापले होते. त्यांनी चिमटा उचलला आणि खिळा उपटला.

"हा बघ, काढला."

पलीकडून उदयनचा आवाज चढला.

"परत लावा. आत्ता."

"का?"

"कुजबूज ऐकायची तर आपण कान टवकारतो ना? वेदनेचे निरोप थांबले की मेंदूही तसाच टवकारतो. दिवसेंदिवस जास्तच. खिळा काढला की साधा स्पर्शही..."

"उतरतं कधी हे?"

"उतरलेलं आम्ही अजून पाहिलं नाही."

"आणि या बायकांना हे सांगितलंत?"

"काढायची वेळच येणार नव्हती, मॅडम."

तेवढ्यात खिळ्याचा असर ओसरला. भारतीच्या घशातून निघालेला आवाज रेवतीबाईंनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी झटकन सुई काढली, तशी ती आणखीच कळवळली. सवयीने त्यांची तीन बोटं तिच्या धड हाताच्या नाडीवर गेली. तिने हात हिसकून घेतला.

"हात नका लावू, बाई. तुमची बोटं भाजतायत."

"भारती, मी..."

"कुणी काढायला सांगितला होता? मला विचारलंत?"

रेवतीबाईंनी चिमट्यातला खिळा पुसला आणि पुढे वाकल्या.

"लावू का?" या वेळी त्यांनी विचारलं.

भारतीने डोळे मिटून होकाराची मान हलवली.

खिळा बसला. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला, गालावरचं पाणी तेवढं राहिलं.

"गेलं," ती हसून म्हणाली. "बांगडी कापून द्या लवकर. कारखान्यात शिफ्ट सुरू होईल माझी."

आणि मोडका हात टेबलावर टेकून, त्याच्यावर भार देऊन ती उठली.