गार्गीचा रेग्युलेटर

मे महिन्याची भर दुपार, पंखासुद्धा गरम वारा फेकत होता, आणि तो दुकानात शिरून म्हणाला, "बर्फासारख्या पाण्यात चालंल असा रेग्युलेटर दाखवा."

मला हसूच आलं. नंदनवन कॉलनीत आमचं हवेचे सिलेंडर भरायचं दुकान. पाणबुड्यांची श्वासयंत्रं, म्हणजे हे रेग्युलेटर, मीच तपासते, विकते.

"कन्हानचं पाणी कधीपासून गोठायले लागलं?"

"लडाखच्या तळ्यात उतरून राहिलो, मॅडम. पुढच्या महिन्यात."

नाव अंकुश. कन्हान नदीवरच्या बचाव पथकातला. डोळे असे, की मी पाना उलटा धरलाय हे त्यालाच सांगावं लागलं.

मी टबात बर्फ ओतला. थंडीत साध्या यंत्रात बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि बघता बघता टाकी रिकामी... म्हणून आत पाणी न शिरणारा सीलबंदच घ्यायचा, असं समजावलं. यंत्र बुडवताना बोटं बोटांना लागली.

"पाणी तं गरम होऊन राहिलं," तो म्हणाला.

मी लाजले. अगदी वेड्यासारखी!

"असाच आणखी एक द्या. गार्गीसाठी, माझ्यासंगं उतरते ती. तोंड नाजूक आहे तिचं, लहान माउथपीस लावा."

नाजूक! भिवापुरी मिरचीच चावल्यासारखं झालं. यानं मोजलं कधी?

"सीलबंद एकच उरला," मी म्हणाले. "त्यांना साधा चालेल."

दुसऱ्या सीलबंद रेग्युलेटरचा डबा माझ्या पायाशीच होता. तिची फजिती व्हावी, ती अर्ध्यातून वर यावी... एवढंच मनात होतं, शपथ.

"तुम्ही म्हणता तं चालंल," त्यानं डोळे झाकून मान डोलावली. "खाली माझी हवा संपली तं मलेही तोच. तिच्या पिवळ्या नळीवर श्वास घ्यायचा."

पिवळी नळी. जोडीदारासाठीची. प्रत्येक सेटला मीच जोडते ती, आणि नेमकी आज विसरले. आणि गार्गीचा श्वास काय फुकटचा होता? माझीच मला लाज वाटली.

डबा काढून टेबलावर आदळला. "हा घ्या. खोटं बोलले मी."

"काहून?"

"काहून म्हणजे... त्या नाजूक तोंडाचा मले राग आला!"

तो बघतच राहिला. मग हळूच हसला. तपासणीच्या चिठ्ठीवरचं माझं नाव त्यानं बोटानं वाचलं.

"मयुरा... गार्गीचा नवरा बोटीत तिचा दोर धरून बसते. झटका दिला का वर ओढते. माझा दोर ज्याची पाळी असंल तो धरते." त्यानं चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "तू धरशील का वं?"

मी गार्गीच्या सेटला लहान माउथपीस बसवलं, ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. त्याच्या पट्टीची गाठ पक्की बसली होती.

"धरीन," मी म्हणाले. "पण... तिचा नवरा नक्की येऊन राहिला ना?"