सुगंधा तांडेल यांची हरकत

रत्नागिरीच्या स्मृतिविज्ञान प्रयोगशाळेत सुगंधा तांडेल वाचत बसल्या होत्या. कपाळाभोवती पातळ पट्टा होता आणि मांडीवर कादंबरीचा खर्डा. समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत होती.

खऱ्या दुर्घटनेवर कादंबरी लिहायची, तर तीतून बचावलेल्या माणसाने ती कादंबरी आधी तपासायची, असा आता कायदाच होता. अशा माणसाला संवेदन-वाचक म्हणत. वाचताना त्याला होणारी वेदना व्यथामापक मोजत असे. रेघ लाल खुणेच्या वर गेली, की तो मजकूर बदलावा लागे.

समुद्रतळावरची 'वारुणी' वसाहत फुटली, तेव्हा सुगंधाताई एकट्याच जिवंत वर आल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ मोरेश्वर पोलादी दारापलीकडे राहिला. ते दार आपोआप बंद झाले होते. पुन्हा उघडणे कुणाच्याच हातात नव्हते.

"मुळ्येसाहेब," त्यांनी मान वर करून कादंबरीकार श्रीकर मुळ्येंना म्हटले, "तुमचा मोरू गपगुमान मरतो. आमचा मोरू तसा नव्हता. दारावर लाथा मारत होता तो. 'बाय, दार उघड' म्हणून ओरडला, मग मला घाण घाण शिव्या दिल्या. पाणी तोंडात जाईपर्यंत देत होता. त्याला साधुसंत करू नका. आणि 'ताई' कसलं? आमच्यात बहिणीला 'बाय' म्हणतात."

श्रीकर शरमले. त्यांनी तो प्रसंग ताईंच्या शब्दांत जसाच्या तसा लिहून काढला. पुढच्या वाचनात रेघ लाल खूण ओलांडून पडद्याबाहेर गेली. ताईंचे दात वाजत होते, तरी त्या म्हणत होत्या, "असू दे. हेच खरं आहे."

पण नियमापुढे इलाज नव्हता. श्रीकरांनी शिव्या काढल्या. तरी रेघ वरच राहिली. मग लाथा गेल्या, आरडाओरडा गेला. प्रत्येक नवा खर्डा ताई पट्टा लावून वाचत. पहिल्यांदा भांडत, पुढे नुसत्या मान हलवत. शेवटच्या खर्ड्यात मोरेश्वर दाराला गाल टेकवून म्हणाला, 'बाय, तू हो पुढं. मी येतोच मागनं.'

रेघ सपाट राहिली. सुगंधाताईंनी डोळे पुसले.

"अगदी असंच म्हणाला हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

श्रीकरांना वाटले, त्या आपले मन राखायला बोलत आहेत. पण ताईंच्या चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होते.

त्या बाहेर गेल्यावर श्रीकर यंत्राशी बसलेल्या डॉ. यामिनी सबनीसांकडे वळले. व्यथामापक त्यांनीच घडवला होता.

"डॉक्टर, हे वाक्य माझं आहे. मी रचलेलं."

यामिनींनी आधीच्या वाचनांच्या रेघा पडद्यावर आणल्या. "वेदना मोजायची तर आठवण जागी करावी लागते," त्या सावकाश म्हणाल्या. "पट्ट्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह जातो तो त्यासाठीच. जागी झालेली आठवण काही तास मऊ असते, आणि पुन्हा घट्ट होताना शेजारी जे असेल ते आत ओढून घेते. साध्या आठवणीतही हे थोडंफार घडतं. आमच्या प्रवाहानं ते फार जोरात घडवलं असणार."

"आणि शेजारी दर वेळी माझा खर्डा होता."

"शिवाय त्यात 'बाय' होता. तो शब्द त्यांनीच दिलेला. परकं वाक्य घरच्या कपड्यांत आलं, मग मन त्याला अडवणार कसं?"

"मूळ आठवण परत आणता येईल?"

"ती त्यांच्या मनाखेरीज दुसरीकडे होतीच कुठे?"

श्रीकरांनी हट्टाने दुसरा खर्डा शोधून काढला. लाथा, आरोळ्या, शिव्या, सगळे त्यात होते. ताईंचेच शब्द. यामिनींनी अडवून पाहिले, पण श्रीकर ऐकेनात. या वेळी पट्टा मात्र लावायचा नाही, एवढे त्यांनी कबूल केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाताईंनी ती पाने वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा पांढरा पडला. मापकाची गरजच उरली नाही.

"हे कोणी लिहिलं?"

"ताई, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. इथेच बसून."

"मी?" त्या उठून उभ्या राहिल्या. "माझा भाऊ मरताना मला शिव्या देत होता, असं मी सांगेन? आमच्या लोकांना मरणसुद्धा नीट येत नाही, असंच वाटतं ना तुम्हा लेखकांना?"

श्रीकरांनी यामिनींकडे पाहिले. दारापलीकडचा तो आवाज ऐकलेले जगात एकच माणूस होते, आणि ते समोर उभे होते.

सुगंधाताईंनी टेबलावरची लेखणी उचलली. पानामागून पान त्या काट मारत गेल्या. शेवटच्या पानाखाली संवेदन-वाचकाच्या हरकतीसाठी कायद्याने दिलेली जागा होती. तिथे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'मजकूर खोटा व अपमानकारक. वगळावा.' आणि खाली सही केली.

मग त्यांचा राग ओसरला. श्रीकरांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, साहेब," त्या मायेने म्हणाल्या. "तुम्ही तिथं नव्हता ना. मी होते."