अध्यक्षांची मिशी

काकाला मिशी शोभायची, हे तिच्या नवऱ्यालाही मान्य होतं. तिचा कॉलेजच्या नाटकातला फोटो त्यानं हौसेनं बैठकीत लावला होता आणि आल्यागेल्याला सांगायचा, "हे माझ्या बायकोचे काका नव्हेत, ही बायकोच आहे." नाटकातले सगळे काका, मामा आणि सासरे तिच्याच वाट्याला यायचे, म्हणून मैत्रिणींनी तिला काका केलं. डोक्याचे केस पिकले तरी ते नाव काही सुटलं नाही.

तेव्हा कॉलेज निव्वळ मुलींचं होतं. त्यामुळे दरोडेखोर मुली, न्यायाधीश मुली आणि राजाही मुलगीच. मिश्या विकतच्या चालत नसत. दर वर्षी कुणी ना कुणी वेणीची टोकं द्यायची आणि त्यांच्या मिश्या बांधायची ती राजे. राजे म्हणजे कायमचा राजा होणारी, उंच, डावखुरी, मोजकं बोलणारी. रंगपटात बसून ती लाकडी ठोकळ्यावर जाळी ताणायची आणि क्रोशाच्या बारीक सुईनं एकेक केस जाळीत गाठवायची. गाठ बसली की सुई ठोकळ्यावर टेकवायची. टक्. मग पुढचा केस. टक्. परीक्षेच्या दिवसांत अख्खं वसतिगृह त्या आवाजाच्या तालावर पाठांतर करायचं, असं सांगतात. मी थोडं कमी करूनच सांगतोय.

मग कॉलेजात मुलगे घ्यायचं ठरलं आणि मुली बिथरल्या. वडिलांच्या खुर्चीवर नुकतेच बसलेले संस्थेचे तरुण अध्यक्ष सभागृहात आले. मिशीला पीळ देत त्यांनी शब्द दिला, की बाकी काहीही बदलो, या रंगमंचावर राजा मुलगीच होईल. "मुलगा राजा झाला, तर नावाची मिशी ठेवणार नाही." मुलींनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्यांना वाटलं, पुरुषमाणूस मिशीवर हात ठेवून खोटं कशाला बोलेल?

पहिल्याच वर्षी, प्रयोगाच्या आदल्या दिवशी, राजाची भूमिका अध्यक्षांच्या भाच्याला गेली. राजेच्या हाती आला दासीचा पंखा. ती अध्यक्षांच्या खोलीत जाऊन मिशीचं विचारून आली. आत नुसतं हसू ऐकू आलं. त्याच आठवड्यात तिनं कॉलेज सोडलं. घरच्यांनी घाईघाईनं उजवून टाकली, आणि पुढच्या वर्षी ती गेल्याचं कळलं. कशानं गेली, ते कुणी धड सांगितलं नाही.

आज काका रक्त तपासायची लॅब चालवते. काचेखाली दिसेल तेवढंच खरं मानते. पण माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं, तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "जेवायला जात नाहीये मी. त्या माणसाच्या तोंडून एकदा सगळ्यांसमोर कबूल करवायचंय. राजेचं नाव घेऊन."

मेळाव्याला ही गर्दी. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आपल्या खोल्यांच्या खिडक्या शोधत होत्या. न्हाल्यावर जिथे उन्हात केस वाळवत बसायच्या, त्या कट्ट्यापाशी आता मोटारसायकली उभ्या होत्या. घंटी, म्हणजे वसतिगृहात जिच्या हसण्यानं पहाटे जाग यायची ती, काकाला ओढत रंगपटात घेऊन गेली.

पत्र्याची पेटी होती तिथेच होती. खणाखणांत मिश्या झोपलेल्या सुरवंटांसारख्या पडल्या होत्या. राजाचा खण तेवढा रिकामा होता. टेबलावर लाकडी ठोकळा, त्यावर नवी कोरी जाळी ताणलेली, जाळीत क्रोशाची सुई खोचलेली. केस एकही नव्हता. शेजारी गोंदाची बाटली उघडी होती.

"पोरांनी काढलं असेल," घंटी म्हणाली.

दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, पोरं इकडे फिरकतही नाहीत, मिश्या आता पाकिटात येतात. काकानं बाटलीच्या तोंडाला बोट लावून पाहिलं. गोंद ओला होता. तिनं बोट रुमालाला पुसलं.

दुपारी अध्यक्षांचं भाषण झालं. वय झालं होतं, पण मिशी तीच, कलप लावून काळीभोर, टोकं वर वळवलेली. जुन्या दिवसांचं गोड गोड बोलून झाल्यावर ते म्हणाले, "आणि मग मुलगे आले. आपल्या कॉलेजला मिशी फुटली."

लोक हसले. काका उठून उभी राहिली. राजाची भूमिका कुणाची होती आणि कुणाला दिली, ते तिनं विचारलं. मग दिलेल्या शब्दाचं विचारलं.

अध्यक्षांनी मिशीला पीळ दिला. "अहो ताई, माणूस भाषणात काय काय बोलून जातो. तुम्हाला एवढी हवीच असेल, तर या, घेऊन जा."

पुन्हा हशा. घंटीही हसली, मग तिनं तोंडावर हात ठेवला.

काका जागची हलली नाही. पण पडद्यामागे, रंगपटाच्या बाजूला, आवाज झाला.

टक्.

अध्यक्षांनी वरचा ओठ चाचपला. डास चावावा तसा. भाषण पुढे सुरू झालं.

टक्. त्यांचा डोळा मिटला, उघडला. टक्. वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्यांनी पाणी मागवलं.

घंटीनं काकाचा दंड धरला. तिचे ओठ हलत होते. पाठांतर केल्यासारखे.

आवाज घाईत नव्हता. एक गाठ, मग पुढचा केस. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिशीतून ओठाची कातडी दिसू लागली.

केस गळत असतील, तर कुठेतरी पडायला हवेत. काका पुढे जाऊन उभी राहिली. टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर एकही केस नव्हता.

मग आवाज थांबला.

अध्यक्षांनी रुमाल तोंडाशी धरला आणि ते खाली उतरले. रुमाल किंचित सरकला तेव्हा पुढच्या रांगेनं पाहिलं. ओठ तान्ह्या मुलासारखा होता. त्यांना गाडीपर्यंत नेताना त्यांचा भाचा सारखा म्हणत होता, "मामा, काय झालं, बोला ना." मामांनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

काका रंगपटात गेली. आत कुणी नव्हतं.

राजाच्या खणात मिशी होती. तिनं पर्समधलं भिंग काढून ती उजेडात धरली. केस काळेभोर, बुडाशी पांढरे. प्रत्येकाच्या टोकाला मुळाचा बारीक मणी. गळालेल्या केसाला असा ओला मणी नसतो. तो उपटलेल्याला असतो. आणि प्रत्येक गाठ डावीकडे वळलेली.

तिनं मिशी खणात परत ठेवली, अलगद. तेव्हा तिचं लक्ष ठोकळ्याकडे गेलं. त्यावर दुसरी जाळी ताणलेली होती. छोटी, दोन तुकड्यांची. भुवयांच्या मापाची. मधोमध एकच केस गाठवलेला होता, पांढरा.

बाहेर गाडीचं दार लागलं. कुणीतरी अस्फुट कळवळलं.

"काका," घंटी दारातूनच म्हणाली, आत यायची तिची छाती होत नव्हती, "कुलूप लावायचं ना?"

काकानं दिवा तसाच राहू दिला, बाहेर आली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

"नको गं. आत काम चालू आहे."