तिवरांतली दोरी

काम तसं साधंच होतं. साल चौसष्ट. मोरिता नावाच्या जपानी सर्व्हेअरला कतारमधल्या धखीराच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी मोजायचं होतं, आणि तिवरांच्या चिखलात चालायची सवय आम्हा रत्नागिरीकरांना. मी कमरेला दोरी बांधून आत जाऊन खुंट्या ठोकायच्या; दुसरं टोक काठावर माझा चुलतभाऊ मन्सूर धरणार. त्याला कतारला मीच आणला होता. त्याच्या हाती जीव देताना मी विचारही केला नाही.

सकाळी तंबूत दोरी पाहून मोरितासाहेबांचा चेहरा उतरला. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आमच्या फुजी डोंगराच्या पायथ्याशी जंगल आहे. जीव द्यायला जाणारे झाडांना दोरी बांधत आत जातात... मन बदललं तर परतायला. ज्यांना कुणी दगा दिला, ते मेल्यावरही बाहेरची वाट शोधतात. त्यांना पाय नसतात."

मी हसलो. पुरुषभर उंचीची तिवरं, त्यांचं कसलं जंगल!

शेवटची खुंटी ठोकली तेव्हा पाणी मांडीला लागलं होतं. कुजक्या पाल्याचा वास, चहूकडे सारखीच झाडं. ठरल्याप्रमाणे मी दोरीला दोन हिसके दिले. उत्तर आलं नाही. ओढली तर दोरी सैल येत गेली, आणि मोकळं टोक तरंगत माझ्यापाशी आलं. लांबवर, काठावर आमची गाडी सुरू झाली.

मी रडलो, खोटं कशाला सांगू. बुडण्याच्या भीतीपेक्षा मन्सूर गेला हे जास्त लागलं. कलत्या सूर्याकडे तोंड करून कसाबसा काठाला लागलो आणि रखडत तंबूपर्यंत आलो.

मला पाहून मन्सूर पांढराफटक पडला. "नसरूभाय... तू तर माज्याबरोबर आलास."

"दोरी का सोडलीस?"

"तूच घेतलीस माज्या हातातून. खलास, म्हणालास. गाडीत मागं बसलास... उतरताना दिसलास नाय."

"आणखी काय म्हणालो?"

"म्हणालास, त्याला राहू दे आत."

"कोणाला, ते विचारलं नाहीस?"

"तुज्या हातात दोरी दोनदा हिसकली, नसरूभाय... मी बघितली." त्याने मान खाली घातली. "तरी गाडी चालू केली."

मोरितासाहेबांनी गाडीचं मागचं दार उघडलं. सीट खाऱ्या पाण्याने निथळत होती, पाठीला तिवराचं पान चिकटलेलं. खाली, पाय ठेवायच्या जागी, सकाळची धूळ कोरडीच होती.