कडी नसलेल्या घरची लेक

“दाराची कडी कुणी उघडी टाकली होती?”

सुनीलचा आवाज एवढा चढला की डोक्याला पट्टी बांधून सोफ्यावर बसलेले त्याचे वडील अण्णासुद्धा दचकले. तिन्हीसांज होऊन गेली होती, पण नगरच्या सावेडीतल्या त्या टुमदार बंगलीत देवापुढं दिवा लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. दुपारी अण्णा उघड्या दारातून निघून गेले होते, रस्ता ओलांडताना मोटारसायकलीचा धक्का लागून पडले होते, आणि कुणा भल्या माणसांनी दवाखान्यात नेलं म्हणून ते आज घरात दिसत होते. गेल्या वर्षापासून त्यांची आठवण त्यांना दगा देत होती. लेकाचं नाव आठवलं तर सुनेचं विसरायचं, आणि एकदा घराबाहेर पाऊल पडलं की परतीची वाट सापडायची नाही. म्हणून तर दाराची वरची कडी कायम लावलेली ठेवायची, असा घराचा नियम होता.

विचारलं सगळ्यांनाच होतं. पण नजरा मात्र वळल्या... त्याच्या बायकोकडं, राजेश्वरीकडं!

वळणारच होत्या. राजेश्वरी शनिदेवाच्या शिंगणापूरची, जिथं कुठल्याच घराला दार नसतं. तिच्या माहेरच्या घराला चौकट होती, उंबरा होता, पण दार नव्हतं; एक पडदा तेवढा लावलेला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती घर सताड उघडं टाकून दुकानात जायची आणि सगळी गल्ली हसायची. ती सवय मोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण माणसावर एकदा शिक्का बसला की तो धुतल्यानं जात नाही.

आणि खरं काय ते राजेश्वरीला ठाऊक होतं. बालवाडीत शिकवून आल्या आल्या तिनं स्वतःच्या हातानं कडी लावली होती. ती कणीक मळत असताना बाहेर भाजीवालीची हाक आली, सासूबाईंच्या चपला वाजल्या, कडी सरकली... आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परतलेल्या सासूबाई सरळ मागच्या नळावर गेल्या. कडी पुन्हा सरकल्याचा आवाज तिनं ऐकलाच नव्हता. तेव्हा ते ध्यानात आलं नाही, आता मात्र सारं लख्ख आठवलं.

तिनं मान वर केली. सासूबाई, बनुबाई, नवऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांचे हात थरथरत होते. “देवा, माझ्या मालकाला राखलंस रे...” एवढंच त्या पुटपुटत होत्या. उभा जन्म या माणसाच्या सावलीत काढलेली ती बाई! आपल्याच हातून हे घडलं असं आज कळलं, तर ती उद्याचा दिवस बघेल का? राजेश्वरीच्या ओठांवर आलेलं सत्य तिनं गिळून टाकलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“चुकलं म्हनं!” बनुबाई उसळल्या. “तुझ्या गावात चालत आसंल दार उघडं टाकल्यालं! हितं माझा मानूस जात हुता, कळलं का?”

राजेश्वरीनं पदरात तोंड लपवलं आणि ती कणीक झाकायला आत गेली.

दुसऱ्याच दिवशी तिनं बालवाडी सोडली. कुणी सोड म्हणालं नव्हतं, आणि सोडू नको असंही कुणी म्हणालं नाही. त्या चिमण्या पोरांना मातीचे बैल करायला शिकवताना तिला तहानभूक आठवत नसे. महिन्याला हातात पडे ते अगदीच किरकोळ, पण घरी परतताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ते पाहून अण्णा म्हणायचे, “सूनबाई, मानसाला आवडीचं काम भेटलं की त्याची भाकर गोड लागती बघ.” ते तेज आता कुलपाआड गेलं.

आणि सुनील? सुनील होता प्रेरणादायी वक्ता! कॉलेजांत, कारखान्यांत, पतसंस्थांच्या मेळाव्यांत त्याची भाषणं होत. ‘मनाची दारं उघडा!’ हा त्याचा ठरलेला विषय. मानसिकता बदला, मनाजोगतं काम शोधा, आयुष्य फुलून येईल, असं तो सांगायचा आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून जायचं. घरच्या दाराला मात्र त्यानं त्याच आठवड्यात नवं भक्कम कुलूप आणलं, आणि त्याची किल्ली आईच्या कमरेला गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही.

अण्णांचं नाव कारभारी; पेशानं सुतार, सारी हयात त्यांनी दारं घडवण्यात घालवली होती. नगरातल्या कितीतरी घरांची दारं त्यांच्या हातची. या बंगलीचं सागवानी दारसुद्धा त्यांनीच केलेलं. राजेश्वरीला बघायला आले तेव्हा त्या बिनदाराच्या घरात बसून ते मिस्कील हसत म्हणाले होते, “आवो, तुमच्या गावानं आमचा धंदाच बुडवला की! सगळीच गावं आशी निघाली तर सुतारानं खायाचं काय?” सगळी मंडळी पोट धरून हसली होती, आणि त्याच बैठकीत त्यांनी सुपारी फोडली. पुढं प्रत्येक सणावाराला ते तिला हेच म्हणून चिडवायचे. आजार आला आणि तिच्या नावाबरोबर ती थट्टाही त्यांच्या मनातून पुसली गेली. राजेश्वरीला सगळ्यात जास्त तेच सलत होतं.

आता रोज सकाळी चहा झाला की अण्णा सदरा घालायचे, कानावर पेन्सिल अडकवायचे आणि बंद दारापाशी उभे राहायचे.

“उशीर व्हतोय... गिऱ्हाईक खोळंबलंय,” ते काकुळतीनं म्हणायचे आणि दार वाजवायचे. आतून... आपणच घडवलेलं दार! राजेश्वरीच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

एके दिवशी तिनं नीट पाहिलं. अण्णांची बोटं दारावरून सावकाश फिरत होती, थांबत होती, एखादी खडबडीत जागा चाचपत होती. या माणसाला पळून जायचंच नाहीये... त्याला कामाला जायचंय! हा विचार मनात आला मात्र, तिनं माळ्यावर चढून त्यांची धूळ खात पडलेली हत्यारांची पेटी खाली काढली. करवत आणि पटाशी बाजूला ठेवली, रंधा त्यांच्या हातात दिला आणि पुढ्यात एक फळकूट धरून बसली.

अण्णा क्षणभर त्या रंध्याकडं बघत राहिले. मग त्यांची पाठ ताठ झाली. सर्र... सर्र... लाकडाचे कुरळे कुरळे पापुद्रे फरशीवर पडू लागले, घरभर सागाचा वास दरवळला, आणि कितीतरी महिन्यांनी त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर शांती उतरली. राजेश्वरीचे डोळे घळाघळा वाहू लागले; बालवाडीतून घरी येताना वाटायचं तसंच तिला वाटत होतं.

“आगं बया! धारंचं हत्यार दिलं व्हय त्येंच्या हातात?” शेजारून परतलेल्या बनुबाई दारातूनच किंचाळल्या. “आदी दार उघडं टाकलं, आन् आता ह्ये? जीवच घ्यायचा का त्येंचा?”

आरडाओरडा ऐकून आलेल्या सुनीलनं रंधा काढून घेतला. अण्णा लहान मुलासारखे रडले. संध्याकाळी त्यानं थंड आवाजात निर्णय सांगितला, “अण्णांना सोमवारी वृद्धाश्रमात नेतोय. तिथं लक्ष ठेवायला माणसं असतात. आणि तू चार दिवस शिंगणापूरला जाऊन ये. तुला विश्रांतीची गरज आहे.”

“अहो, त्यांना फक्त काम हवंय...”

“राजेश्वरी, पुरे!”

ती गेली. माहेरी तिची आई राहीबाई नेहमीसारखी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. लेकीचा चेहरा बघूनच तिनं ओळखलं, जवळ बसवून घेतलं आणि सगळं ऐकलं. राजेश्वरी हुंदके देत म्हणाली, “आई, आपल्या घराला दार असतं तर मला एवढं ऐकून घ्यावं लागलं नसतं गं!”

राहीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आगं येडे, कडी न्हाई म्हनून घर काय वाऱ्यावर सोडल्यालं नसतं. देवाची राखन हायेच, पन हितं उंबऱ्यात कुनी ना कुनी बसल्यालंबी असतं. कदी मी, कदी तुझी आजी. येनाऱ्याला ‘या’ म्हनायचं, जानाऱ्याला ‘कुठं निघालास बाबा’ इचारायचं. कडीला ह्ये इचारता येतं का?”

राजेश्वरीनं डोळे पुसले. ज्या सवयीपायी तिनं आयुष्यभर मान खाली घातली, तिच्यात असं काही शहाणपण होतं तर!

तेवढ्यात फोन वाजला. सुनील होता, पण तो नेहमीचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

“राजेश्वरी... अण्णा नाहीसे झालेत. आई कोथिंबीर घ्यायला फाटकाशी गेली, कुलूप उघडंच राहिलं. मी समोरच्याच खोलीत होतो गं... कानात इअरफोन घालून भाषणाची तयारी करत होतो...”

कोथिंबीर! राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले. मग ती शांतपणे म्हणाली, “अहो, ते हरवलेले नाहीत. ते कामाला गेलेत. ते लाकूड घ्यायचे ना, त्या आसारामभाऊंच्या वखारीत बघा. मी निघालेच.”

घोडेगावच्या फाट्यावर तिला बस मिळाली. वखारीत पोहोचली तेव्हा अण्णा एका ओंडक्यावर बसून फळी गुळगुळीत करत होते, आणि आसारामभाऊ त्यांच्याशेजारी मोठ्या अदबीनं उभे होते. “सकाळधरनं काम चाललंय मिस्त्रींचं. पोरगं सोडून गेलं आसंल म्हनलं मी,” ते म्हणाले. सुनील फळ्यांच्या ढिगाला टेकून, मान खाली घालून बसला होता.

बनुबाई मात्र सुनेला पाहताच उठल्या आणि तिच्यापाशी आल्या.

“त्या दिवशीबी मी कोथिंबीरच घ्याया गेल्ते...” त्या म्हणाल्या. “आज कुलूप माझ्या हातात व्हतं, तवा ध्यानात आलं. कडी मीच उघडी टाकली व्हती. व्हय ना? तुला ठावं हुतं?”

राजेश्वरीनं त्यांचे हात हातात घेतले. बनुबाईंना तेवढ्यानंच सगळं कळलं.

“आगं, मग बोलली का न्हाईस पोरी? येवडं वंगाळवंगाळ बोलले तुला... तुझी साळा सुटली माझ्यापायी!”

“आई, तुमचे हात थरथरत होते हो...” राजेश्वरीचा बांध फुटला. “शाळा काय, पुन्हा मिळेल. तुम्ही खचला असता तर अण्णांना कुणी सांभाळलं असतं?”

बनुबाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं. सासू-सून दोघी भर वखारीत ओक्साबोक्शी रडल्या. अण्णांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

“मी गावभर लोकांना मनाजोगतं काम शोधायला सांगत फिरलो,” सुनील उठून जवळ येत म्हणाला, “आणि माझ्याच घरात दोघांचं काम हिरावून घेतलं. मला माफ कर, राजेश्वरी. उद्यापासून तू बालवाडीत जा.”

“जाईन ना! पण बालवाडीला लाकडी बैल हवेत, गाड्या हव्यात. ते आपल्या ओसरीवर होतील. आणि आपल्या गल्लीत अण्णांसारखी किती माणसं कुलपाआड बसलीयत, ठाऊक आहे तुम्हाला? कुणी शिंपी होता, कुणी कुंभार... त्यांनाही बोलवू.” तिच्या चेहऱ्यावर ते हरवलेलं तेज परत आलं होतं.

सोमवारी वृद्धाश्रमात कुणीच गेलं नाही. ओसरीवर सुताराचा बाक पडला. दुपारी बालवाडी सुटली की राजेश्वरी थेट तिथं बसते. गल्लीतली विसरभोळी म्हातारी मंडळी जमतात, लाकूड घासतात, चिंध्यांच्या बाहुल्या शिवतात. सुट्टीच्या दिवशी करवतीच्या दुसऱ्या टोकाला सुनील असतो. भाषणं तो अजूनही करतो, पण हल्ली जरा कमी बोलतो म्हणतात.

आणि दार? ते दिवसभर सताड उघडं असतं. उंबऱ्यात बनुबाई कोथिंबीर निवडत बसलेल्या असतात. सकाळी चहा झाला की अण्णा कानावर पेन्सिल लावून निघतात.

“कुठं निघालं मालक?”

“कामाला.”

“या मग. भाकरीला लवकर या.”

अण्णा मान डोलावतात, उंबरा ओलांडतात आणि ओसरीवरच्या बाकाकडं वळतात.

परवा असाच एक लाकडी बैल हातात घेऊन ते राजेश्वरीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. नाव काही आठवेना. मग त्यांची नजर मागच्या उघड्या दारावर गेली, पुन्हा तिच्यावर आली, आणि सुरकुतलेल्या ओठांवर ते जुनं मिस्कील हसू उमटलं.

“पोरी, तू शिंगणापूरची तर न्हवं?” ते म्हणाले. “तुझ्या गावानं आमचा धंदाच बुडवला की गं!”